गच्चीवरची ट्रायल

आमची आई चाळीस वर्षं शिवणकाम करते. गळ्यातली टेप फक्त अंघोळीला काढते. माझ्या बायकोला जुळं होणार हे कळलं, तेव्हा आमच्या जुन्या बैठ्या घरावर मजला चढवायचं ठरलं. इंजिनिअरने नकाशा दाखवला.

"ट्रायलशिवाय मी ब्लाउजला शेवटची शिवण घालत नाही," आई म्हणाली, "आणि तुम्ही थेट भिंती घालणार?"

तिने शिवणकामाच्या खडूने गच्चीवर खऱ्या मापाच्या खोल्या आखल्या. इंजिनिअर गालातल्या गालात हसला. मग तिने खाट मांडली आणि दार म्हणून इस्त्रीची फळी माझ्या हातात दिली. "उघड!" फळी खाटेवर आदळली. सातवा महिना लागलेली माझी बायको खाटेला वळसा घालायला गेली, तर तिचं पाऊल रेघेबाहेर.

"गेली बघा भिंतीतून!" आई कडाडली.

इंजिनिअरने गुडघे टेकून रेघ पुसली आणि भिंत दोन फूट सरकवली.

आज त्या खोलीत खाट, दोन पाळणे आणि आजी ऐसपैस मावतात. परवा इंजिनिअर पुन्हा आला. "मावशी, नवीन काम घेतलंय. खडू घेऊन येता का?"

"येते. पण घरातली सगळी माणसं हजर ठेवा. रिकाम्या घराचं माप मी घेत नाही."