सिद्धूच्या फियाटचे टायर
म्हसवडचा सिद्धू लष्करात ट्रक चालवायचा. एकाहत्तरची लढाई त्यानं पाहिली, पण घरी पाठवलं गेलं ते एका सुभेदाराचा जबडा फोडला म्हणून. ही गोष्ट त्यानं गावापासून कधी लपवली नाही. उलट विचारलं की सांगायचा.

त्याची बायको शालूबाई पलूसची. तिच्या भावानं, हंबीररावानं, आपली जुनी फियाट मेहुण्याला दिली. सिद्धू म्हसवडहून साताऱ्याला उतारू नेऊ लागला. त्या रस्त्यावर आधीपासून आप्पासोच्या दोन अँबॅसिडर होत्या, आणि तिसरी गाडी त्याला नको होती.

एका सकाळी फियाट चारही चाकांवर बसलेली दिसली. टायर सुरीनं कापले होते. सिद्धू थेट स्टँडवर गेला.

"माजं टायर कुणी कापलं?"

"उंदरानं," आप्पासो म्हणाला.

सिद्धूनं त्याच्या तोंडावर बुक्की मारली. दात रक्तासकट मातीत पडला. त्याच संध्याकाळी आप्पासोची माणसं सिद्धूच्या दारात आली, त्याला अंगणात पाडून लाथा घातल्या. शालूबाई वरवंटा घेऊन बाहेर आली आणि जो पहिला हाताशी आला त्याच्या डोक्यात घातला. तेव्हा कुठं ते गेले. सिद्धू बरा होऊन उठला, नवे टायर घातले, आणि महिन्याच्या आत तेही कापले गेले.

त्या काळात टायर मिळणं सोपं नव्हतं. सिद्धू एसटीनं सांगलीला गेला. तिथं नेमिनाथचं टायरचं दुकान होतं. नेमिनाथ शांत स्वभावाचा जैन व्यापारी, हंबीररावाच्या ओळखीचा.

"फियाटला हेच टायर बसतात," त्यानं नेहमीचे दाखवले. "मऊ चालतात. जुन्यावर नवं रबर चढवलेलं रिमोल्ड पाहिजे तर तेबी हाय, पर उन्हाळ्यात तुमच्या रस्त्यावर साल निघंल."

सिद्धूनं खिशातून सुरी काढली आणि टायरच्या कडेच्या भिंतीत खुपसली. ती मुठीपर्यंत आत गेली.

नेमिनाथ मागं सरकला. "आवं, हे दुकान हाय. खाटीकखाना न्हवं."

"ह्याचं पैसं देतो. सुरी जाणार न्हाई असा टायर दावा."

कोपऱ्यात मालाच्या व्हॅनचे टायर होते, जाड, पदरावर पदर. सिद्धूनं पुन्हा सुरी मारली. पातं निसटलं, टायरवर नुसता ओरखडा उठला.

"हेच द्या."

"हे मोठं हाय. चाकाच्या डिस्कबी मोठ्या लागतील, त्यांची भोकं फियाटला जुळत न्हाईत. वेल्डरकडनं मधली पाटी बदलून घ्यावी लागंल. मडगार्डला घासंल. गाडी जड होईल, ब्रेक लवकर धरणार न्हाई." नेमिनाथनं भोसकलेला टायर बाजूला ठेवला. "रस्ता बगून टायर घेत्यात, सिद्धू. तुमी दुश्मन बगून घ्यायला लागलाय."

"रस्त्यावर दुश्मनच हाय," सिद्धू म्हणाला.

वेल्डरनं डिस्क जोडून दिल्या. मडगार्ड सिद्धूनं स्वतः हातोड्यानं ठोकून बाहेर काढले. गाडी बेडकासारखी फुगलेली दिसू लागली आणि खड्ड्यात अशी आदळायची की उतारूंचं डोकं टपाला लागायचं. पण थोड्याच दिवसांत एका सकाळी टायरवर नुसते ओरखडे दिसले आणि खाली मातीत रक्ताचे थेंब. कापणाऱ्याचाच हात कापला होता. सिद्धू पोट धरून हसला.

शालूबाई हसली नाही. "आता टायर कापता येत न्हाईत म्हंजे तुमाला कापतील," ती म्हणाली.

तसंच झालं. एका दुपारी सिद्धू साताऱ्याहून रिकामा परतत होता. ओढ्यापाशी रस्त्यात दगड लावलेले होते. गाडी हळू होताच आप्पासो आणि त्याची दोन माणसं बाभळीमागून पुढं आली. काच फुटली. सायकलची चेन सिद्धूच्या गालावर बसली, मांस उघडं पडलं. आप्पासो हातात पहार घेऊन गाडीपुढं उभा राहिला.

सिद्धूनं पहिला गिअर टाकला आणि गाडी पुढं सोडली. जाड टायर दगडांवर चढले. आप्पासो बाजूला उडी मारताना घसरला. चाक त्याच्या मांडीवरून गेलं. हाड मोडल्याचा आवाज सिद्धूला इंजिनाच्या घरघरीतूनही ऐकू आला.

बाकीचे दोघं पळाले. सिद्धू चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन उतरला. आप्पासो हातांवर सरपटत होता, पाय मागं चिंधीसारखा येत होता. सिद्धूनं टॉमी उचलली.

"मार," आप्पासो म्हणाला.

 सिद्धूनं टॉमी टाकली, आप्पासोचं धोतर फाडून मांडी आवळून बांधली, त्याला मागच्या सीटवर घातलं आणि गाडी साताऱ्याकडं वळवली.

प्रत्येक खड्ड्याला आप्पासो किंचाळायचा आणि सिद्धूच्या आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. सिद्धूही तशाच देत होता. मग मागचा आवाज बंद झाला. सिद्धूनं मागं हात टाकून त्याला हलवलं.

"आप्पासो, शिव्या दे रं. गप बसू नगंस. दे शिव्या."

मागून एक कण्हणं आलं. मग हळू एक शिवी आली.

आप्पासो वाचला. पाय गेला. खटला उभा राहिला तेव्हा वकील सिद्धूला म्हणाला, "टायर मोठे होते, ब्रेक लागला नाही, असं सांगा. दुकानदार साक्ष देईल."

सिद्धूनं कोर्टात सांगितलं, "ब्रेक मी मारलाच न्हाई." तो तुरुंगात गेला.

तो सुटला तेव्हा शालूबाई पलूसला भावाच्या शेतावर राहत होती. सिद्धू तिथंच उसाला पाणी देऊ लागला. गाडी त्यानं पुन्हा चालवली नाही. पुढं सिद्धनाथाच्या जत्रेला दोघं म्हसवडला गेली. देवळाबाहेर आप्पासो कुबडीवर उभा होता. त्यानं सिद्धूला पाहिलं, जवळ आला आणि कुबडी उचलून त्याच्या कपाळावर घातली. तोल जाऊन तो स्वतःही पडला. लोक धावले. सिद्धूनं हात वर केला नाही. रक्त डोळ्यात उतरलं तरी तो तिथंच उभा होता.

टाके घालून परतताना तो शालूबाईला म्हणाला, "आता तरी त्याचं मन भरलं असंल."

"न्हाई भरलं," ती म्हणाली. "फुडच्या वर्षी आपुन यायचं न्हाई."