अर्ध्या ब्लेडचं सोनं

आमच्या ट्रेसर आक्कांनी आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही. काचीगुड्यातल्या एका भाजीवालीनं एकदा त्यांच्या पिशवीत किडकं वांगं घातलं, तर पुढची कितीतरी वर्षं त्या तिच्या गाड्यासमोरून मान ताठ ठेवून जात आणि भाजी पार सुलतान बाजारातून आणत. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हापासून घराशेजारच्या मारुतीलाही त्यांनी हात जोडले नव्हते. "देवाला सोडलं न्हाई मी, तुम्ही कोण लागून गेलात?" असं त्या ऑफिसात कुणालाही सुनावत. त्यांच्या या यादीत माझंही नाव होतं, आणि ते योग्यच होतं.

हैदराबादच्या कडेला तेव्हा एक लहानशी नगरपालिका होती. तिच्या नगररचना विभागात आक्का ट्रेसर होत्या आणि मी ड्राफ्ट्समन. ट्रेसर म्हणजे जुन्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरून खालची रेघ न् रेघ शाईनं वर उतरवणारा माणूस. लोक हे काम हलकं समजत. आक्का मात्र रविवारी बरकतपुऱ्याहून दोन बस बदलून प्रत्यक्ष जागा पाहून येत आणि मगच सोमवारी पेन उचलत. "कागदाला काय कळतं? पायाला कळतं," म्हणत.

एका वर्षी वरून पत्र आलं, की हद्दीतली तळी, नाले, जुनी झाडं कुठं राखायची आणि उजाड झालेल्या जागा पुन्हा कशा जिवंत करायच्या, याचा आराखडा करा. त्या कामाला कुणी हात लावेना, म्हणून ते आक्कांच्या टेबलावर आलं. त्यांचा सगळा जीव मोदुगुकुंट्यावर होता. कुंटा म्हणजे लहान तळं आणि मोदुगु म्हणजे पळस. बांधावर पळस, पाण्यात पाणकोंबड्या, आणि दसऱ्याच्या सुमारास हमखास दिसणारा पालपिट्टा, म्हणजे आपला नीलपंख. दसऱ्याला तो दिसला की वर्ष चांगलं जातं असं इकडं सगळेच मानतात, म्हणून देवळासमोर पिंजऱ्यातला पक्षी दाखवणारेही बसत. तसल्या एकाचा पिंजरा आक्कांनी भर गर्दीत उघडून दिला होता. नकाशावर त्यांनी कुंटा काढला, त्याला येणारा नाला काढला, भोवती हिरवा पट्टा दिला आणि कडेला बारीक अक्षरात पाखरांची नावं लिहिली. मग कोपऱ्यात सही केली.

तो काळ नव्या वाऱ्याचा होता. परदेशी कोला गल्लीत पोचला होता, गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या, आणि काल शेळ्या चारणारी माणसं आज प्लॉट पाडून विकायच्या जमिनीला 'व्हेंचर' आणि 'लेआउट' म्हणत होती. आमच्या नव्या साहेबांच्या मेहुण्यांचंही एक लेआउट होतं, नेमकं मोदुगुकुंट्यावर. साहेबांनी आक्कांना बोलावलं तेव्हा मी फाइल धरून तिथंच उभा होतो.

"अम्मा, वो कुंटा निकाल दो. सूखा पडा है. पानी किधर है उसमें?"

"उन्हाळ्यात तर तुमच्या नळाला बी पाणी न्हाई, साहेब. नळ उखडून टाकू का?"

साहेब हसले. आक्का हसल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात बहीण आजारी पडली म्हणून आक्का परभणीला गेल्या. साहेबांनी तो नकाशा माझ्यापुढं टाकला. मला नोकरीत कायम करण्याचा कागद त्यांच्या सहीसाठी पडून होता. त्यांनी फक्त तो कागद ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवला. मी दाढीचं ब्लेड मधोमध मोडलं आणि शाई खरवडायला बसलो. आधी पाखरं गेली, मग हिरवा पट्टा, मग नाला आणि शेवटी कुंटा. पाऊण तासात मी एक तळं आटवलं. आक्कांची सही तेवढी राहिली. साहेबांना ती हवीच होती.

आक्का परत आल्या आणि त्यांनी नकाशावरून अंगठा फिरवला. खरवडलेला कागद अंगठ्याला खरखरीत लागतो. माझ्या पेन्सिलींच्या डब्यात ते अर्धं ब्लेड पडलं होतं. त्यांनी ते पाहिलं, मला पाहिलं आणि ब्लेड उचलून रुमालात गुंडाळलं. तक्रार तरी काय करणार? नकाशाखाली सही त्यांचीच होती. त्या दसऱ्याला ऑफिसात नेहमीसारखं सोनं वाटलं गेलं. तेलुगू मंडळींनी जम्मीची, म्हणजे शमीची पानं दिली, आम्ही मराठी लोकांनी आपट्याची. आक्कांनी सगळ्यांना आपटा दिला आणि माझ्या हातावर कागदाची पुडी ठेवली. "सोनं घ्या, बापू," म्हणाल्या. आत अर्धं ब्लेड होतं. पुढं दर दसऱ्याला त्या नवं ब्लेड मोडून मला हेच सोनं देत राहिल्या. एरवी त्या डब्यातली कारळाची चटणी आठवणीनं वाढायच्या, त्यामुळं ते जास्तच झोंबायचं.

साहेबांवरचा डूख मात्र त्यांनी थंड डोक्यानं धरला. त्यानंतर जो नकाशा हातात आला, त्यात आक्कांनी मोदुगुकुंटा काढला. दिव्याच्या खांबांचा नकाशा असो, शाळांचा, गटारांचा, पोलिओच्या डोसांचा की मतदान केंद्रांचा, कुंटा आपल्या जागी हजर.

"दिव्यांच्या नकाशात तळं कशाला, आक्का?" मी एकदा विचारलं.

"अंधारात कुणी पडू नये म्हणून." मग पेन पुसत हळूच म्हणाल्या, "साहेब न बघता सह्या ठोकायलेत. त्यांनी माझी सही वापरली न्हवं? आता मी त्यांची वापरायले."

कुंटा भरावानं बुजला. कडेनं घरं उठली, मधले प्लॉट ओलीमुळं रिकामेच राहिले. साहेबांनी स्वतःसाठीही नाल्याच्या तोंडावर दुमजली बंगला बांधला. गृहप्रवेशाला आक्का नवी साडी नेसून गेल्या, पोटभर पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, खाल्ला आणि "लई छान जागा निवडलीत, साहेब," असं सांगून आल्या.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. साहेब निवृत्त झाले. दर पावसाळ्यात लेआउटमधल्या घरांत गुडघाभर पाणी शिरू लागलं, ओरड झाली, आणि बुजलेली तळी शोधून आराखडा नव्यानं करा असा हुकूम आला. नव्या बाई अधिकारी तरुण होत्या आणि कडक होत्या. त्यांनी सगळ्या खात्यांचे नकाशे मागवून लांब टेबलावर पसरले. सगळ्यांत कुंटा होता, फक्त आमच्या मूळ आराखड्यात नव्हता. साहेबांनाही बोलावलं होतं. त्यांनी शांतपणे कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"साइन देखो मॅडम, अम्मा की है. इन्होंनेच मिटाया होगा."

आक्कांना निवृत्तीला दोन महिने उरले होते. इतक्या वर्षांच्या नोकरीवर डाग लागला असता आणि पेन्शन अडकलं असतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. माझं नाव त्या घेणार नाहीत हे मला कळलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मी खोडला," मी म्हणालो. "साहेबांच्या हुकुमावरून. आधी पाखरं खोडली, मग पाणी."

आता कुठं आक्का वळल्या. "मॅडम, बाकीच्या नकाशांवरच्या सह्या बी बघा. साहेबांच्याच हायेत. तिथं कुंटा हाये, असं दर वर्षी त्यांनीच लिहून दिलंय." साहेबांचा त्या वेळचा चेहरा आठवला की मला आजही जेवण गोड लागतं.

माझी बढती कायमची अडली, ती अडायलाच हवी होती. नव्या आराखड्यात कुंटा, नाला आणि हिरवा पट्टा परत आला. कुंट्यातला भराव उपसला, आणि नाला मोकळा करायला बंगल्याचा पुढचा अर्धा भाग पाडावा लागला. आक्का डबा घेऊन पाडापाडी पाहायला गेल्या आणि शेवटची भिंत पडेपर्यंत तिथंच बसून राहिल्या.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या दसऱ्याला त्यांनी मला बांधावर बोलावलं. कुंट्यात पाणी साठायला लागलं होतं. त्यांनी पुडी दिली. मी उघडली तर रिकामी.

"ब्लेड?"

"संपलं."

"मग सोनं?"

त्यांनी शेजारी बोट दाखवलं. कुंपण घातलेलं आपट्याचं वीतभर रोप होतं. "वाढवा, बापू, आणि मग तोडून घ्या. फुकट माफी देत न्हाई मी."

दोन वर्षांनी आक्का गेल्या. रोपाला मी दर रविवारी दोन बस बदलून पाणी घालत राहिलो. ते आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय आणि मागच्या वर्षी त्यावर पालपिट्टा बसलेला मी पाहिला. पान तोडायला मात्र अजून माझा हात धजत नाही.

साहेब हल्ली मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. दसऱ्याच्या सकाळी मी एक ब्लेड मधोमध मोडतो, कागदात बांधतो आणि त्यांच्याकडं जातो. वाकून नमस्कार करतो. "सोनं घ्या, साहेब," म्हणून पुडी त्यांच्या हातावर ठेवतो, आणि ते ती उघडेपर्यंत समोर बसून राहतो.