इंजिनाला लावलेलं कुंकू

मुंबईच्या गॅरेजात मी दोन वर्षं होतो हे खरं, पण तिथे सुटे भाग रॉकेलमध्ये धुण्यापलीकडे मी काही केलं नव्हतं, हेही तितकंच खरं. श्रीवर्धनच्या मालकांना मी पहिलं सांगितलं आणि दुसरं पोटात ठेवलं. त्यांनी मला आपल्या मोटारीवर ड्रायव्हर म्हणून ठेवलं आणि गावभर मिस्त्री म्हणून मिरवलं. दिघीच्या बंदरावरून उतारू आणायचे, जाताना सुपारीची पोती न्यायची, एवढंच काम होतं. तीन वर्षं निभावलं. मग एका पावसाळ्याच्या अखेरीला इंजिनाच्या पुढच्या बाजूने डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि माझं पितळ उघडं पडायची वेळ आली.

कव्हर खोललं तर आत दोन दातेरी चाकं, एक लहान आणि एक मोठं, आणि त्यांच्यावरची साखळी सैल होऊन लोंबत होती. लहान चाकाचा संबंध पिस्टनशी, मोठ्याचा झडपांशी. साखळी दोघांना एका मेळात ठेवते. तो मेळ दोन दातांनी जरी चुकला, तरी पिस्टन वर जायच्या वेळी झडप उघडी राहते आणि गाडी जागची हलत नाही. एवढं मला ऐकून माहीत होतं. चाकांवर कारखान्याच्या खुणा असतात म्हणे. आमच्या जुन्या गाडीच्या कधीच झिजून गेल्या होत्या. म्हणून साखळी काढण्याआधी मी दोन्ही चाकांच्या समोरासमोरच्या दातांवर एकेक टिपका दिला. खडू तेलावर टिकेना, तेव्हा मारुतीच्या देवळातून चिमूटभर शेंदूर आणून तेलात कालवला. नवी साखळी घालताना टिपक्यासमोर टिपका आणला की झालं. स्वतःच्या अकलेवर खूष होऊन मी साखळी आणायला मुंबईला गेलो.

परतलो तो दसऱ्याच्या सकाळी. शेडमध्ये जाऊन इंजिनावरचं गोणपाट बाजूला केलं. लहान चाकावर पाच टिपके, मोठ्या चाकावर पाच. सगळे कुंकवाचे, सारख्या अंतरावर, अगदी निगुतीने दिलेले. माझा शेंदूर कुठेच दिसेना. आदल्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडे कोयता, विळी, तराजू सगळ्याची पूजा होते, तशी कोणीतरी माझ्या उघड्या इंजिनाचीही केली होती. त्या माणसाला बहुधा पुण्य लागलं असेल. माझ्या कपाळी पंचवीस जोड्या आल्या आणि त्यांतली खरी कोणती ते देवच जाणे.

मी कपाळाला हात लावून बसलो असतानाच मालक आले. ते त्याच सकाळी सासुरवाडीहून परतले होते. मालकीणबाई बाळंतपणाला तिकडेच होत्या. मालकांनी चाकांकडे पाहिलं.

"हे कुंकू कोणी लावलंन?"

प्रश्न साधा नव्हता. घरात बाईमाणूस एकच होतं, मालकांची बहीण. सगळे तिला अक्का म्हणत. लग्नाला वर्ष व्हायच्या आत विधवा होऊन ती भावाकडे आली होती. मला दोन वेळचं जेवण तीच वाढायची. त्या काळी विधवेने कुंकवाला हात लावणं म्हणजे घरावर संकट ओढवून घेणं. आणि मालक काही बिनसलं की तिला सासरी पोचवायची धमकी द्यायचे. सासरच्यांनी तिचे काय हाल केले होते ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मागच्या दारात अक्का उभी होती. सुपारी सोलून सोलून त्या घरातल्या सगळ्यांची बोटं डागाळलेली असत, ती कोणी लपवत नसे; तिने मात्र उजवा हात पदराखाली घेतला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मीच लावलं."

"तू? कशाला?"

"खुणा आहेत, मालक. साखळी बसवायच्या."

"दहा?"

"मुंबईला तसंच शिकवतात."

मालकांनी मिशीवरून हात फिरवला. "शिकला असशील. परवा हिला आणि बाळाला घेऊन बोट दिघीला लागते. माझी माणसं बैलगाडीतून आली, तर तू तुझं बोचकं बांध."

ते गेले. मी असं का बोललो ते मला तेव्हा कळलं नाही. खरं सांगतो, मला अक्काचा भयंकर राग आला होता. तिच्या टिपक्यांपायी माझी रोजीरोटी चालली होती, आणि तिलाच मी पाठीशी घातलं होतं. दया आली म्हणावं तर मनात शिव्या चालू होत्या.

दिवसभर एकेक जोडी लावून पाहत होतो. साखळी चढवायची, हँडल मारायचं, इंजिन शिंकायचं, साखळी उतरवायची. सहाव्या की सातव्या खेपेला हँडल उलट फिरलं आणि मनगटावर बसलं. कोणती जोडी झाली, कोणती राहिली, त्याचाही आता घोळ झाला. लोक सोनं लुटायला निघाले होते आणि मी शेडमध्ये सुजलेला हात धरून बसलो होतो.

अक्का आंबेहळदीचा लेप घेऊन आली. वाटी खाली ठेवून ती चाकांकडेच बघत राहिली.

"घरात कोणी नव्हतं रे," ती म्हणाली. "विळीची नि कोयत्याची पूजा शेजारणीने येऊन केलीन. याच्याकडे कोणी बघितलंनच नाही. हेच तर आपली पोटं भरतंय. म्हटलं, याला पूजेवाचून कसं ठेवायचं?"

"अक्का, माझा टिपका कुठे गेला?" मी जवळजवळ ओरडलोच.

"देवाचा शेंदूर मी पुसेन होय? त्याच्यावरच पहिलं बोट टेकलं. मग एकच टिपका ओकाबोका दिसायला लागला."

"पहिलं कोणतं?"

ती वाकली. "प्रत्येक चाकाला बोट एकदाच बुडवलं मी. पहिला टिपका जाड असणार. पुढचे फिके होत गेले बघ."

मी दिवसभर त्या टिपक्यांकडे डोळे फाडून पाहत होतो आणि एवढं मला दिसलं नव्हतं. जाड टिपका नखाने खरवडला तर खाली केशरी शेंदूर निघाला. दोन्ही चाकं फिरवून जाड टिपक्यासमोर जाड टिपका आणला, साखळी चढवली. उजवा हात चालत नव्हता, म्हणून हँडल डाव्याने मारलं. तिसऱ्या फेरीला इंजिन सुरू झालं. अक्का तोवर स्वयंपाकघरात निघून गेली होती.

बाळ मोटारीतून आलं. मालकांनी चार माणसांत माझी पाठ थोपटली आणि दहा खुणांची मुंबईची पद्धत सांगितली. मी मान डोलावली.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला मालकीणबाईंनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, हार घातला. अक्का मागच्या दारात होती, हात पदराखाली. दुपारी मी मालकांना म्हणालो, साखळी ताणलेली वाटते, उघडून बघतो. कव्हर काढलं, दोन्ही चाकांवर पुन्हा शेंदराचा एकेक टिपका दिला, शेडचं दार लोटून घेतलं आणि तासभर समुद्रावर जाऊन बसलो.

तिथे होतो तोवर हे दर वर्षी केलं. "या गाडीची साखळी नवमीलाच कशी रे ताणते?" असं मालक विचारायचे. अक्काशी त्यावर मी कधी बोललो नाही, तीही बोलली नाही. मी तिला मोकळीक दिली, की चोरासारखं लपून पूजा करायची सवय लावली, ते मला आजही कळत नाही. दार उघडं ठेवून भावासमोर तिला बोलवायची छाती मात्र मला झाली नाही. परत यायचो तेव्हा प्रत्येक चाकावर पाच टिपके असायचे, आणि पहिला, जाड टिपका माझ्या खुणेवर.