राहिलेलं पान

ज्ञानी, म्हणजे ग्रंथवाचनाच्या परीक्षा दिलेला पंडित, येणार म्हणून आमच्या गुरुद्वाऱ्याची फरशी मी दोनदा पुसली आणि दुसऱ्यांदा पुसताना मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. माणूस तोवर पाहिलाही नव्हता. पण गुरुद्वाऱ्याच्या अध्यक्षांनी सांगून ठेवलं होतं, की बाबाजींच्या जागी यापुढे वाचायला कोण बसणार ते तो ठरवून जाईल. बाबाजींच्या जागी गेलं वर्षभर मीच बसत होते. म्हणजे माझं काय करायचं ते तो ठरवणार होता.

आमचा गुरुद्वारा म्हणजे इस्लामपूरच्या बाहेर, ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या गॅरेजांमागचा एक हॉल. वर पत्रा. माझ्या नवऱ्याचं वेल्डिंगचं काम त्याच गल्लीत. माझं माहेर नांदेडकडचं. आम्ही शीख, पण घरात मराठीच. वडिलांनी सातवीनंतर माझी शाळा बंद केली, पुढे लग्न होऊन इतक्या लांब आले, आणि त्यानंतर कुणी मला शेजारी बसवून काही शिकवेल असं वाटलंच नव्हतं. बाबाजींनी शिकवलं.

बाबाजी आमचे ग्रंथी, गुरू ग्रंथसाहेबांसमोर बसून वाचणारे. तरुणपणी कढया-झारे ठोकून बाजारात विकणारा माणूस. प्रमाणपत्र कसलंही नाही. दुपारी हॉलमध्ये ते एक ओळ वाचायचे, मी मागून म्हणायचे. ओळ नीट आल्याशिवाय पुढची नाही. एकेका ओळीवर आम्ही चार-चार दुपारी बसलो आहोत. अर्थ विचारला की कधी सांगायचे, कधी सरळ म्हणायचे, "हे मला कळलेलं नाही, बेटा."

आमच्यात वाचणाऱ्याचं चुकलं तर ऐकणाऱ्याने सांगायचं असतं, मग ऐकणारा कुणी का असेना. वाचणाऱ्याने मागे जाऊन ते पुन्हा वाचायचं. एकदा बाबाजींचीच ओळ सुटली. मी घाबरत सांगितलं. त्यांनी मला हात जोडले आणि मागे गेले. मला एवढी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी मी गेलेच नाही. तर निरोप आला, "चूक धरणारी पळून गेली तर मी चुकीचाच मरेन."

मग त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. पहिल्या पानापासून रोज थोडं थोडं वाचत शेवटापर्यंत जायचं, असा पाठ त्यांनी धरला होता, तो माझ्या हातात आला. वर्षभर मी वाचलं, ते भिंतीला टेकून ऐकत राहिले. गुरुपुरबाला, गुरूंच्या जयंतीच्या दिवशी, शेवटची पन्नासेक पानं वाचून समाप्ती करायची, एवढं उरलं होतं.

त्या दिवशी सकाळी ज्ञानी साताऱ्याहून गाडीने आला. पुण्यात वाढलेला, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. पगडीची एकेक घडी इस्त्री केल्यासारखी. नावाआधी 'ज्ञानी' लावलेलं कार्ड त्याने अध्यक्षांना दिलं, बाबाजींना दिलं नाही. त्यांना दिसत नाही म्हणून असेल. मला तसं वाटलं नाही.

"वाचन कोण करतं?"

अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं.

"शिक्षण?"

"सातवी."

तो हसला. त्याच्यामागे अध्यक्ष हसले, अध्यक्षांच्या मागे बाकीचे.

"बाई, ही पंचमीची गाणी नव्हेत, फेर धरून म्हणायला. आम्ही यासाठी वर्षानुवर्षं काढलीत. परीक्षा दिल्यात."

   उत्तरं मला संध्याकाळी भाकरी थापताना सुचतात.

"आज मीच बसतो. पुढचं नंतर सांगतो," तो म्हणाला.

वाचत होता छान, हे लिहिलं पाहिजे. आवाज असा की पत्र्याखाली बसल्याचं विसरायला व्हावं. पण दुपारी बाराला त्याचा सांगलीत कार्यक्रम होता, आणि समोर मोबाइल लावलेला, त्यावरून हे सगळं बाहेरच्या लोकांना लाइव्ह दिसत होतं. पान उलटताना तो मोबाइलकडे बघायचा. एकदा असंच बघितलं आणि दोन पानं एकदम उलटली.

 ते पान मी बाबाजींपुढे इतक्यांदा वाचलं होतं, की पुढे काय येणार ते माझ्या ओठांवर होतं. आलं भलतंच. मी इकडेतिकडे पाहिलं. बायका हात जोडून बसलेल्या. शेजारी गॅरेजवाल्याची आई होती, ती इथलीच, प्रसादाला न चुकता येणारी. तिच्या कानाशी मी म्हटलं, "पान राहिलं."

"गप बसा, वैनी. त्यो लय शिकलेला हाय."

मी गप बसले.  बोलले असते तर माझी जागा गेली असती, एवढाच हिशेब डोक्यात होता.

भिंतीपाशी बाबाजी उठले. चाचपडत दोन पावलं पुढे आले, हात जोडले.

"ज्ञानीजी, एक पान राहिलं. मागे या."

तो थांबला. "बाबा, तुम्हाला समोरचा माणूस दिसत नाही. पान कुठलं दिसलं?"

कुणीतरी खुदकन हसलं. बाबाजी तसेच उभे, हात जोडलेले, तोंड थोडं चुकीच्या दिशेला. ते बघून माझं डोकं फिरलं.

"राहिलंय," मी उभी राहून म्हटलं. "मलाही ऐकू आलं. मागे जा."

"सातवी पास सांगणार?"

"सातवी पासच सांगतेय. पान उलटून बघा की!"

त्याने उलटून पाहिलं. आम्ही सगळ्यांनी त्याचा चेहरा पाहिला. आणि तरीही तो मागे गेला नाही. घड्याळ बघितलं, अध्यक्षांना म्हणाला, "एवढी हौस आहे तर यांनाच वाचू दे ते पान. मी पाणी पिऊन येतो."

मी जाऊन बसले. अंगात नुसती आग. त्याला दाखवायचं होतं, अध्यक्षांना दाखवायचं होतं, हसलेल्या प्रत्येकाला दाखवायचं होतं. भराभर वाचत सुटले. मागून आवाज आला,

"थांबा. ओळ सुटली."

पाण्याचा पेला हातात घेऊन तो मागेच उभा होता. मी पाहिलं. ओळ खरंच सुटली होती.

हॉलभर हसू पसरलं. अध्यक्ष म्हणाले, "घ्या! लई उड्या मारत हुत्या!" मला वाटलं, ऐकलंच नाही असं दाखवून पुढे जावं. त्याने तेच केलं होतं, त्याला काय झालं? भिंतीपाशी बाबाजी अजून हात जोडून उभे होते. 

मी मागे वळले. त्याला हात जोडले. आयुष्यात इतक्या रागाने मी कुणाला हात जोडले नसतील. मागे गेले, ओळ वाचली. पुढे त्याने आणखी दोनदा थांबवलं. दोन्ही वेळा बरोबर होता. दोन्ही वेळा हात जोडून मी मागे गेले. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही.

पुढची पानं त्याने वाचून संपवली, शाल घेतली, गाडीत बसताना अध्यक्षांना सांगून गेला, "प्रमाणपत्रवाला माणूस ठेवा." बारा वाजायला आले होते.

"मग काय करायचं?" अध्यक्षांनी बाबाजींना विचारलं. मला नाही.

"ज्ञानी बरोबर बोलला. तिच्या चुका झाल्या," बाबाजी म्हणाले. "ती मागे गेली. आता तुम्हाला ज्याला बसवायचं त्याला बसवा."

गॅरेजवाल्याची आई प्रसाद खात होती. "त्येला मागं जाता येत न्हाई व्हय? शिकीवलं न्हाई वाटतं," ती म्हणाली, आणि हात पुसून निघून गेली.

प्रमाणपत्रवाला मिळेपर्यंत तिलाच बसू दे, असं अध्यक्षांनी ठरवलं. तो अजून मिळालेला नाही. रोज सकाळी फाटकाशी गाडीचा आवाज आला की मला वाटतं, आला. मग पान उलटते, दोन बोटांत धरून, एकच आहे ना ते बघून.

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. पण त्या पानावर त्याने थांबवलं त्या तीन जागा आल्या, की माझा वेग आपोआप कमी होतो, आणि भिंतीपाशी बाबाजी मान हलवतात.