गुण्यात न बसणारी

चादर अर्धीच पिळून झाली होती. एक टोक सुताराच्या हातात, दुसरं बायकोच्या, आणि मधून पाण्याची धार बादलीत पडत होती. पोरीने पुन्हा अंथरूण ओलं केलं होतं. आठ वर्षांची घोडी झाली तरी हे सुटलं नव्हतं, आणि त्यावर घरात आता कोणी बोलतही नसे. तेवढ्यात शाळेचा शिपाई दारात आला.

"मोठ्या बाईंनी बोलावलंय. दोघांनाही."

"दोघं गेलो तर हिच्यापाशी कोण?" बायको म्हणाली. "तुम्हीच जा. आणि तिथे तोंडात मिठाची गुळणी धरून बसू नका."

सुतार चादर बादलीत टाकून निघाला.

पोरीला सगळे भिंगरी म्हणत. बोलत नव्हती, पण स्वतःभोवती अशी फिरायची की बघणाऱ्यालाच गरगरावं. फिरता फिरता खुदखुदायची. ती जन्मली तेव्हा नर्सने बाहेर येऊन सांगितलं होतं, "नॉर्मल आहे सगळं." त्या शब्दाची सुताराला तेव्हापासून गोडी लागली. पुढे वजन नॉर्मल, ताप उतरला की नॉर्मल, कान तपासले तर तेही नॉर्मल. एकेक भाग नॉर्मल निघत गेला आणि अख्खी पोर तेवढी नाही, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. कोणीतरी तो शब्द पुन्हा एकदा उच्चारावा म्हणून त्याने किती दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या, ते देवालाच माहीत.

मोठ्या बाई मनाने वाईट नव्हत्या. पाण्याचा पेला पुढे सरकवून हळूच म्हणाल्या, "जमेल तेवढं सांभाळलं आम्ही. पण बाकीची मुलं नॉर्मल आहेत हो, त्यांचा अभ्यास होत नाही. शेजारच्या गावात अशा मुलांची शाळा आहे. तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं. एक जागा रिकामी झालीये. आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी देतील."

"माझी पोर माझ्या घरी राहील," सुतार म्हणाला. पाणी न पिताच उठला.

तिथून तो मास्तरांकडे कामाला गेला. इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांना भिंतभर पुस्तकांचं कपाट हवं होतं. सुताराने फळीच्या कोपऱ्याला गुण्या लावला, काटकोन पाहिला, रंधा मारला, पुन्हा गुण्या लावला, पुन्हा रंधा.

"आज लाकडावर कसला राग?" मास्तरांनी विचारलं.

सुताराने सगळं सांगून टाकलं. मास्तरांनी बराच वेळ चष्मा पुसला. माणसाला धीर द्यायचा तर त्यांच्याकडे शब्दांवाचून दुसरं काही नव्हतं.

"हा नॉर्मल शब्द आला कुठून, ठाऊक आहे? तुझ्या पेटीतून. जुन्या लॅटिन भाषेत गुण्याला नॉर्मा म्हणत. गुण्यात बसेल ते नॉर्मल. कितीतरी काळ इंग्रजीतही तो काटकोनापुरताच होता. माणसांना लावायला लागले ते अलीकडे, दीड-दोनशे वर्षांत."

"म्हणजे लाकडाचा शब्द माझ्या पोरीला लावला."

"तसंच म्हण."

सुताराला क्षणभर बरं वाटलं. मग त्याची नजर पायाशी गेली. रंध्याखालून निघालेल्या सालींचा घोट्याएवढा ढीग झाला होता, आणि फळी हवी त्यापेक्षा पातळ होऊन बसली होती. ती आता कपाटाला चालणार नव्हती. तो दुसरी फळी काढायला वळला.

दुपारी जेवायला आला तेव्हा त्याने बायकोला शाळेचं सांगितलं, आणि शब्दाचंही.

ती पानात भात वाढत म्हणाली, "देवाच्या हातात गुण्या असता तर झाडं गोल कशाला झाली असती? पण तेवढ्याने पोरीला बटण लावता येणार आहे का? तिकडे शिकवतील तरी. आपण काय जन्माला पुरणार आहोत?"

"तिला माणसांत बसता आलं पाहिजे. मी शिकवतोय ना."

शिकवतोय, म्हणजे रोज कामावरून आला की तो तिला भिंतीला टेकवून बसवायचा. पाठ ताठ, हाताची घडी, मान सरळ. हलली की पुन्हा बसवायचा. मारलं कधीच नाही, पण सोडलंही नाही.

हात धुऊन तो आतल्या खोलीत गेला. भिंगरी खिडकीपाशी हळूहळू डोलत होती. त्याची चाहूल लागली तशी ती थांबली, भिंतीशी सरकली, पाठ ताठ केली, हाताची घडी घातली. चेहऱ्यावर काही नव्हतं. ती शेवटची फिरली कधी, हसली कधी, सुताराला आठवेना.

तो उंबऱ्यातच उभा राहिला. मग म्हणाला, "बाईंना हो सांगून येतो."

जेवण वाढताना बायकोच पोरीला तिकडे पाठवायचं म्हणत होती. आता मात्र खरकटं ताट हातात तसंच धरून म्हणाली, "तिकडे रात्री हिची चादर कोण बदलेल?"

तो मोठ्या बाईंना होकार कळवून आला आणि अंगणात बसून त्याने पोरीच्या कपड्यांसाठी लाकडी पेटी करायला घेतली. दिवस कलेपर्यंत चारी बाजू उभ्या राहिल्या. झाकण तेवढं राहिलं. बायको आत देवाजवळ बसली होती. तिला हाक न मारताच त्याने चपला पायात सरकवल्या. बाजारात जाऊन दोन बिजागऱ्या आणायच्या होत्या.