सडक म्हणजे रोड

स्वातंत्र्य येऊन पाच-सात वर्षं झाली होती, तरी गोंदियाच्या तिकीट-खिडकीत आम्ही अजून साहेबाच्याच स्टेशनांच्या गोष्टी चघळायचो. मी नागपूरहून नवा बदलून आलेला, लांबलचक पाळ्यांनी पार पिचून गेलेला. पण शहाणपणा मिरवायची खोड काही जात नव्हती. एका म्हाताऱ्या गोऱ्या गार्डाने मला सांगितलं होतं, की विलायतेत गाव रुळांपासून लांब असलं की स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ लावतात. उतरा आणि पुढची सडक धरा. आपलं भंडारा रोड, तुमसर रोड त्याच चालीचं. हे मी येईल त्याला ऐकवायचो. लोक कंटाळायचे.

एका दुपारी तुमसरकडची एक म्हातारी खिडकीशी आली.

“बाबू, सडक अर्जुनीले जाचं हाय. पोरगी बाळंतीन हाय, लय ताप हाय तिले.”

सडक म्हणजे रोड, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक! छोट्या लाइनच्या यादीत अर्जुनी एकच होती; म्हातारी ‘अर्जुनी रोड’ म्हणतेय, म्हणजे हीच. डोकं दुखत होतं, मागे रांग होती, तोंड उघडायचं जिवावर आलं होतं. तिकीट सरकवलं.

संध्याकाळी चहा पिताना ही हुशारी सांगितली, तर पोर्टरने कपाळावर हात मारला.

“अर्जुन्या दोन हायेत, बाबू! सडक अर्जुनीले गाडी जातच नाही, सौंदडले उतरा लागते. तुमी तिले मोरगावच्या अर्जुनीले धाडलं.”

गाडीने सौंदड केव्हाच मागे टाकलं होतं. परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती.

आठ-दहा दिवसांनी म्हातारी पुन्हा खिडकीशी उभी राहिली. छातीशी फडक्यात गुंडाळलेलं बाळ. मी न राहवून पोरीचं विचारलं.

“गेली. मी पोचायच्या आदल्या राती. माय आली का, माय आली का, करून राहिली होती म्हने.” तिने बाळाचं फडकं सारखं केलं. “माह्यीच चुकी, बाबू. अडानी मानूस मी. तुमाले बराबर सांगताच नाही आलं.”

तिने बरोबरच सांगितलं होतं. ते कबूल करायला फार ताकद लागते, आणि ती माझ्यात नव्हती. मी मान डोलावली. “होतं असं कधी कधी,” म्हणालो.

“याचं तिकीट लागते का?”

“नाही लागत.”

“देव तुमचं भलं करो,” ती म्हणाली.