खऱ्या मालकाची एनओसी

"मी सही नाही करणार, सर," नोई म्हणाली आणि पेन माझ्या हातात परत ठेवलं.

दुबईचा बाजार कोसळला, त्या क्रॅशनंतरचं वर्ष. तिथल्या अल मनखूल भागातली दुकानं एकेक करून बंद पडत होती. नोई तिथल्या थाई मसाज सेंटरची मॅनेजर. मालकाने गाशा गुंडाळला होता आणि हिचं दुसऱ्या दिवशी बँकॉकचं विमान होतं. मी बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीत हँडओव्हर बघायचो. म्हणजे भाडेकरूने जागा रिकामी करायची, मी तपासायची, मग दोघांनी सह्या करायच्या. माझा बॉस हानी सकाळीच बोलला होता, "दुपारपर्यंत खलास पाहिजे. नाहीतर पुढच्या लिस्टमध्ये तुझं नाव." लिस्ट कसली, हे त्या दिवसांत कुणी विचारत नसे.

सगळं काढून झालं होतं. कोपऱ्यात खांबावरचं छोटं लाकडी घर तेवढं राहिलं होतं. पुढे उदबत्ती आणि स्ट्रॉ घातलेली लाल सोड्याची बाटली. आमच्या कंपनीचा सुतार परब आणि त्याचा जोडीदार ते काढायला गेले, तर ही आडवी.

"देव आहे ना? बरोबर घेऊन जा," मी म्हटलं. आमचं सगळं मोडक्या इंग्रजीत चाललं होतं.

"देव नाही सर, जागेचा मालक. बिल्डिंगवाल्याची एनओसी आली, याची कुठे आली? न विचारता गेले तर माझ्या मागे लागेल. घरी माझी लहान मुलगी आहे."

एनओसी म्हणजे ना-हरकत पत्र. दुबईत त्याच्याशिवाय पान हलत नाही. ही एनओसी थायलंडमध्ये ब्राह्मण मागतो म्हणे. "तुम्ही ब्राह्मण?" तिने विचारलं. मी कुलकर्णी, नाही कसं म्हणणार? बूट काढले, गणपती हलवताना म्हणतात ते 'पुनरागमनाय च' म्हटलं आणि घराला हात घातला.

"अर्थ काय?"

"आता जा, पुन्हा या."

तिचा चेहरा पडला. "तो नाही जात सर. तो इथलाच. जाणार आपण."

झाली पंचाईत. तेवढ्यात परब मागून म्हणाला, "साहेब, ह्यो आमचो राखणदार. ह्येका मंत्र कित्याक? गाऱ्हाणा घालूक व्हया."

परब कणकवलीकडचा. तिकडे जागेच्या राखणदाराशी सरळ बोलून परवानगी मागतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. त्याने टोपी काढून हात जोडले. "बा जागेवाल्या म्हाराजा, ह्या चेडवान तुझी सेवा केल्यान. आता ता घराक जाता. काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल. तेका नि तेच्या लेकराक सुखी ठेव. ह्या सायबाची नोकरी ऱ्हवांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," त्याचा जोडीदार म्हणाला. मीही म्हटलं. नोईला शब्द एक कळला नाही, पण तीही हात जोडून "व्हय माराजा" म्हणाली आणि रडली. मग तिने स्वतःच घर उतरवलं, मैत्रिणीकडे द्यायला बांधलं आणि सही केली.

हानीचा फोन आला. "कसं जमवलंस, हबीबी?"

"समजावलं तिला," मी म्हटलं.

पुढच्या लिस्टमध्ये माझं नाव नव्हतं. परबचं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"परब, त्या दिवशी स्वतःसाठी का नाही मागितलंत?" मी विचारलं.

"दुसऱ्याच्या गाऱ्हाण्यात आपला घालूचा नसता, साहेब," तो म्हणाला आणि हत्यारं पेटीत भरू लागला.

हँडओव्हर शिकायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: काम कुणी केलं, ते वरच्याला त्याच फोनवर सांगा.